कमलकाकूंची दाढ आणि गोपीचंदकाकांचा मंगळवार

गोपीचंदकाका मंगळवारी सकाळी दहा वाजता वारले. बुधवारी सकाळी सात वाजता ते हाटेलात येऊन साखर कमी सांगून चहा पिऊन गेले, त्यामुळे ही गोष्ट गावानं फारशी मनावर घेतली नाही. आपणही घ्यायची नाही. ते वारलेच नव्हते असं धरून चालू आणि सुरुवात दाढेपासून करू, कारण दाढ खरोखर होती.

दाढ कमलकाकूंची, म्हणजे गोपीचंदकाकांच्या बायकोची. डावीकडची, खालची, मागून दुसरी. चार वर्षं ती ठणकत होती. घरी येऊन राहिलेल्या आणि जायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं काकू तिच्याबद्दल बोलायच्या. आज गप हाय, म्हणायच्या. किंवा, आज काय बसू दीना. चार वर्षं त्यांनी सगळं उजवीकडनं चावलं. भाकरी उजवीकडनं, शेंगा उजवीकडनं, आणि हुरडा तर चार हंगाम नुसता बघितला. ज्वारीचं कोवळं कणीस आगटीत भाजायचं, हातावर चोळायचं आणि गरम दाणा तोंडात टाकून दोन्ही बाजूंनी चावायचा, एवढ्यासाठी आमच्याकडची माणसं हिवाळ्यापर्यंत जगतात. एका बाजूनं खाल्लेला हुरडा काकूंच्या मते फोनवर ऐकलेल्या लग्नासारखा लागतो.

म्हणून यंदा दिवाळी झाल्यावर त्या मानवतला गेल्या आणि दाढ भरून आल्या. डॉक्टरांनी विचारलं, पांढरं भरायचं की चांदी भरायची. काकूंनी विचारलं, हुरड्याला काय चांगलं. डॉक्टर म्हातारे होते, त्यांना प्रश्न कळला. म्हणाले, चांदी. भरून झाल्यावर त्यांनी सांगितलं की एक दिवस त्या बाजूनं काही चावायचं नाही आणि बोट लावायचं नाही. काकूंनी मान हलवली. तोंडात कापसाचा बोळा होता, दुसरं काही हलवता येत नव्हतं.

परत येताना त्यांनी एसटीच्या खिडकीच्या काचेत तोंड उघडून बघितलं. बाहेर तुरी, कापूस, तुरी, कापूस पळत होते आणि त्यांच्या मधोमध, काकूंच्या तोंडाच्या अंधारात, एक बारका चंद्र निघाला होता. घरी आल्या आल्या त्यांनी तो काकांना दाखवला.

"लेकीला पाटल्या दिल्या, सुनंला पोहेहार दिला," त्या म्हणाल्या. "ही चांदी मातर कुणाला घालायला मागता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्या कापूस वेचायला गेल्या. दुपारची भाकर उजवीकडनंच खाल्ली. दाढेला बोट लावलं नाही. डॉक्टरांचा शब्द न् शब्द पाळला. चूक झाली ती भलतीकडंच, आणि ती जगातल्या कुठल्याही दातांच्या डॉक्टरला आधी सुचली नसती.

कापूस वेचताना बाई वाकली की मंगळसूत्र पुढं लोंबतं. लोंबलं की वाळल्या बोंडाच्या टोकात अडकतं. हात दोन्ही गुंतलेले. म्हणून आमच्याकडच्या बायका मंगळसूत्राच्या वाट्या दातात धरतात आणि ओळ संपेपर्यंत सोडत नाहीत. कमलकाकू डावीकडं धरतात, लग्न झाल्यापासून. दिवाळी ते संक्रांत त्यांचा आणि काकांचा संसार मिटल्या दातांनी चालतो. त्या दिवसांत काकू जे बोलतात त्यात नुसते हुंकार असतात, पण काकांना सगळं कळतं. त्यांच्या मते लग्नातले हे सगळ्यात निवांत महिने.

तर दिवसभर, म्हणजे सकाळी आठपासून उन्हं कलेपर्यंत, सोन्याची एक वाटी त्या ताज्या चंद्राला टेकून बसली होती. संध्याकाळी हौदावर तोंड धुताना काकूंनी खाली बघितलं, तर एक वाटी पिवळी आणि एक पांढरी. पदरानं पुसली. राखेनं घासली. पांढरीच. दोघी बहिणी एकाच वाटेनं शेतातनं घरी याव्यात आणि एकीच्या तोंडाला पीठ लागलेलं असावं, तशी दिसत होती.

तेवढ्यात कुसुमबाई आल्या. या काकांच्या थोरल्या भावजय, भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या. त्यांनी वाटीकडं बघितलं, मग ओसरीवर बसलेल्या गोपीचंदकाकांकडं बघितलं, मग परत वाटीकडं बघितलं आणि काही न बोलता घरी गेल्या. काका घाबरले ते तिथं. कुसुमबाईंनी काहीतरी बघितलं आणि त्या बोलल्या नाहीत, असं गावात आजवर झालेलं नव्हतं.

गळ्यातल्या सोन्याचा रंग गेला म्हणजे कुणाचं काय जाणार, हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. काकूंनी एक मार्ग काढून बघितला. दोन वाट्यांतली एक सासरची असते, एक माहेरची. पांढरी पडली ती माहेरची असं धरलं तर काकांना काही होत नाही, जे काय व्हायचं ते काकूंच्या भावाला होतं. भावाला फोन करून विचारलं. त्यानं सांगितलं की आपल्याकडची वाटी जरा मोठी होती, हे त्याला पक्कं आठवतंय. पांढरी वाटी बारकी होती. त्याच्या तब्येतीची चौकशी करून काकूंनी फोन ठेवला.

गोपीचंदकाका त्या संध्याकाळी अठ्ठावन्न वर्षांचे आणि धडधाकट होते. ते उठून आत गेले आणि बाजेवर आडवे झाले, उगीच मधेच कुठंतरी पडायला नको म्हणून.

खरं कारण दुसऱ्या दिवशी कळलं. काकांच्या धाकट्या भावाची मुलगी सृष्टी दातांची डॉक्टर व्हायला शिकतेय, तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं व्हिडिओ कॉलवर आधी काकूंना तोंड उघडायला लावलं, मग वाटी कॅमेऱ्यासमोर धरायला लावली, आणि हसली.

"मोठीमाय, अपशकुन नाही हा, पारा आहे. चांदी नुसती म्हणायची, त्यात निम्मा पारा असतो. ताजं असताना सोनं लागलं की सोनं पांढरं पडतं. आम्हाला पहिल्याच दिवशी अंगठ्या काढून ठेवायला सांगतात."

एवढ्यावर मिटायला हवं होतं. पण तोपर्यंत काकांच्या घरात नुसता अपशकुन होता, आता अपशकुन आणि वर पारा झाला. पारा काकांना माहीत होता. ते तिसरीत असताना सरकारी दवाखान्यात त्यांच्यासमोर थर्मामीटर फुटला होता आणि फरशीवर चकचकीत गोळ्या पळत सुटल्या होत्या. कंपाउंडरनं पोस्टकार्डाच्या दोन कडांनी त्या एकेक करून धरल्या. एक कपाटाखाली गेली ती सापडली नाही. तो दवाखाना पुढं पाडला, त्या जागी व्यायामशाळा झाली, तीही बंद पडली, तरी काकांच्या मनात ती गोळी अजून कपाटाखालीच होती. त्या दुपारी डोळा लागला आणि ती बाहेर आली. उंबरा ओलांडून, गल्लीतनं, ओढ्यावरनं, कुणाला धक्का न लावता, अगदी सावकाश गडगडत ती काकूंच्या उशीपर्यंत आली आणि म्हणाली, सरका जरा.

काका जागे झाले ते सृष्टीला परत फोन लावूनच. ती बराच वेळ बोलली. हे भांडण लय जुनं आहे, म्हणाली, जगभर चाललंय. चावताना त्यातनं पाऱ्याची वाफ निघते हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. मोजली तर अगदी थोडी भरते. एक बाजू म्हणते थोडीच तर आहे, दुसरी म्हणते थोडी तरी कशाला. गरोदर बायांना आणि लहान लेकरांना आता हे भरू नका म्हणतात. देशोदेशीचे लोक बसून हे हळूहळू बंदच करायलेत, त्यातही दाढेपेक्षा काळजी नदीची आणि माशांची जास्त. पण तेच लोक असंही सांगतात की नीट बसलेली दाढ उगीच उकरू नका, कारण बसल्या जागी निघते त्यापेक्षा उकरताना जास्त वाफ निघते.

"एका शब्दात सांग बाळा," काका म्हणाले. "धोका हाय का न्हाई?"

खोटं बोलायला सृष्टीला अजून दीड वर्ष शिकायचं होतं.

"बहुतेक नाही," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर हा 'बहुतेक' त्यांच्या घरात आला आणि ओसरीवर बसला. जेवायला बोलावलं तर यायचा नाही, जा म्हटलं तर जायचा नाही. काका येता-जाता त्याच्याकडं बघायचे.

गावात दोन तट पडले. मेडिकलवाला धम्मदीप म्हणाला की त्याच्या आईच्या तोंडात अशा दोन दाढा तीस वर्षं आहेत, म्हातारी ऐंशीच्या पुढं आहे आणि रोज सकाळी सुनेशी भांडते. यावर रिटायर हेडमास्तर आबासाहेब म्हणाले की यावरनं दाढा सुरक्षित आहेत असं सिद्ध होत नाही, ती का भांडते, हा प्रश्न तेवढा उभा राहतो. धम्मदीप विचारात पडला. त्यानं घरी जाऊन आईला तोंड उघडायला सांगितलं, त्यावरनं त्या दिवशी संध्याकाळीपण भांडण झालं.

काकांचा निकाल लागला होता. दाढ काढायची. भरणं उकरायला नको म्हणतात ना, मग अख्खी दाढच काढू, पारा त्याच्या जागी राहील आणि दाढ दुसऱ्या जागी. काकू न्हाई म्हणाल्या. काका म्हणाले, एका दाढेवर माझा जीव अडकलाय. काकू म्हणाल्या, माझा बी. डावीकडं चावण्याजोगी त्यांच्याकडं तेवढी एकच होती, आणि रानातली ज्वारी आता गुडघ्याच्या वर आली होती.

दोन दिवस दोघं बोलले नाहीत. काकू वेचणीला जायच्या ते मंगळसूत्र घरी काढून, त्यामुळे दात मोकळे होते, पण तरी बोलल्या नाहीत. काकांना तो हंगाम फार लांब वाटला. तिसऱ्या दिवशी, सोमवारी, भाकरी थापता थापता काकूंनी तोंड उघडलं.

"मग एकदा मरून टाका."

काकांनी घास खाली ठेवला.

काकूंचं म्हणणं साधं होतं. एखाद्याच्या डोक्याला कावळा शिवला की आमच्याकडं काय करतात, तर तो माणूस गेला असा निरोप त्याच्या रक्ताच्या नात्यात धाडतात. तिकडं कुणीतरी खरंखुरं रडतं. रडून झालं की दुसरा निरोप जातो, खोटं होतं, माणूस हयात हाय. अपशकुनाला दारात येऊन खात्री करायची सवय नसते. रडणं कानावर पडलं की काम झालं असं समजून तो पुढच्या गावाला जातो. कावळ्याला जे चालतं ते वाटीला का चालू नये, असा काकूंचा सवाल होता. अपशकुन जाईल, दाढ राहील.

"किती येळ मरायचं?" काकांनी विचारलं.

"कोकिळाचं रडून हुईस्तोवर."

कोकिळा ही काकांची धाकटी बहीण, गंगाखेडकडं राणीसावरगावला दिलेली. रडायला ती पहिल्यापासून चांगली. काकांनी भाकरी संपवली, हात धुतला, आणि हो म्हणाले.

मंगळवारी सकाळी दहाला फोन कुसुमबाईंनी लावला, कारण आवाज त्यांचा. लेकाला आणि लेकीला काकूंनी रात्रीच खरं सांगून ठेवलं होतं. त्यांनी सुरुवातच अशी केली की दारामागं उभ्या काकांना वाटलं, आपणही शेवटचं बघून यावं. तिकडनं कोकिळाची एक लांब हाक आली आणि फोन बंद झाला. ठरल्याप्रमाणे पाच मिनिटांनी खुलाशाचा फोन लावला. लागेना. परत लावला. लागेना. मागनं कळलं की हाक मारताना कोकिळाच्या हातातला फोन म्हशीच्या हौदात पडला होता. म्हैस तेवढ्यात पाणी पीत होती, तिनंही काही सांगितलं नाही. कोकिळा होती त्या लुगड्यावर बसस्टँडकडं निघाली होती.

पण निघण्याआधी ती शेजारी सांगून गेली. शेजारच्यांनी मोबाईलवर टाकलं. अकरा वाजेपर्यंत जिल्ह्यातल्या निम्म्या नातेवाइकांच्या फोनवर काकांचा हार घातलेला फोटो आला. फोटो एका साखरपुड्यातला होता, त्यात काकांच्या खांद्यावर कुणाचातरी हात होता. बाकीचा माणूस कापलेला. सृष्टी हॉस्टेलवरनं बॅग न भरता निघाली. आणि आमच्या ग्रामपंचायतीत कंप्युटर चालवणाऱ्या महारुद्रनं सव्वाअकराला मृत्यूची नोंद करून टाकली. काकांचा घरकुलाचा अर्ज त्याच्याकडं तीन वर्षं पडून होता, पण त्या दिवशी, म्हणाला, नेट आलं होतं.

कुसुमबाईंनी नियम काढला की रक्तातलं माणूस रडून होईपर्यंत मयतानं कुणाला दिसायचं नाही, दिसला तर सगळं वाया. आता माणसं यायला लागणार. काकांना ठेवायचं कुठं? पुढच्या खोलीत यंदाचा वेचलेला कापूस आढ्याला लागला होता. काका बनियन आणि धोतरावर कापसात शिरले.

आत गेल्यावर आधी उजेड गेला, मग आवाज गेले, मग वजन गेलं. काका पाय हलवायचे तर पाय आपल्याऐवजी दुसराच कुणीतरी हलवतोय असं वाटायचं. उन्हात वेचलेला कापूस. त्यात अजून दुपार शिल्लक होती, कोमट, धुळीच्या वासाची. हे ढग असतील तर वर फार वाईट नाही, काकांना वाटलं. बाहेर कोण आलं, कोण गेलं, ते कानातल्या बोळ्यातनं ऐकू यावं तसं येत होतं. कुणी म्हणालं, फार भला माणूस. कुणी म्हणालं, तसा बराच होता. धम्मदीप हळू आवाजात आबासाहेबांना म्हणाला, मग दाढेनंच केलं म्हणायचं काय. आबासाहेब म्हणाले, एका उदाहरणावरनं काही सांगता येत नाही. काकांना त्यांचं पटलं. एकदा ती पाऱ्याची गोळी पण त्यांच्याजवळनं गेली, कापसातनं, आवाज न करता. या खेपेला काही म्हणाली नाही.

अडीच वाजता कोकिळा आली. तिनं चप्पल काढली नाही, काही विचारलं नाही, कापसाच्या ढिगाला पाठ लावून बसली आणि सूर लावला. आमच्याकडच्या बाया रडतात ते आठवून आठवून, एकेक प्रसंग धरून. तिनं पहिल्यांदा काकांनी तिला सायकलवरनं पाडलं ते घेतलं. मग लग्नात पाठवणीला ते गोठ्यात लपून रडले ते घेतलं. हे तिला माहीत आहे हे काकांना चाळीस वर्षं माहीत नव्हतं. मग तिनं येलदरी घेतली. बाप दोघांना धरण दाखवायला घेऊन गेला होता. ती सहा वर्षांची, काका दहाचे. भिंतीवरनं बघितलं तर सगळीकडं ऊन पडलेलं पाणी, हलणारं, डोळ्यात मावेना. हे काय रे, तिनं विचारलं होतं. आणि काकांनी तोंड न हलवता सांगितलं होतं की ही चांदी हाय, सरकारनं वितळवून ठिवलीय. सातवीपर्यंत तिनं ते खरं धरलं.

"येलदरीचं पाणी मला चांदी म्हणून दावलंस रे दादा," कोकिळा रडत म्हणाली. "आता मला खोटं कोण सांगंल?"

कापसाच्या आत गोपीचंदकाका, चालू मंगळवारी, तिला आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं सांगत पडले होते. त्यांना ते सोसलं नाही. ढिगाऱ्याला आधी एक हात आला, मग कापसाची दरड कोसळली, आणि काका बाहेर आले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. दारात उभ्या कमलकाकूंचा हात आपोआप गळ्याशी गेला. त्या वाटीचा आणि काकांचा रंग आता तंतोतंत एक होता.

"मीच सांगीन की," काका म्हणाले.

कोकिळा ओरडली नाही. तिनं त्यांच्याकडं वरनं खालपर्यंत बघितलं, उजव्या भुवईवरचं बोंडाचं पान काढून टाकलं, आणि मग जे काय बोलायचं ते बोलली. ते सगळं इथं देता येत नाही. मुद्दा असा होता की ती तीन गाड्या बदलून आली, गंगाखेडला अनोळखी माणसांनी उठून तिला जागा दिली, परभणीला एका बाईनं पाणी पाजलं, आणि हा इथं उभा. त्या माणसांना आता काय तोंड दाखवू, म्हणाली. काहीही झालं तरी उद्या सकाळपर्यंत दादानं मेलेलंच राहायचं, तिची येण्या-जाण्याची तकलीफ तरी कामी लागली पाहिजे. काकांना ते बरोबर वाटलं. ते परत कापसात गेले. म्हणून बुधवारी सकाळी सात.

बुधवारी दुपारी काकू पांढरी वाटी घेऊन मानवतला बन्सीधर सोनाराकडं गेल्या. सृष्टी सोबत होती. ती मंगळवारी संध्याकाळी रडत आली होती आणि तेव्हापासून कुणाशी नीट बोलत नव्हती. बन्सीधरनं वाटी बघितली, हसला, पारा का, म्हणाला, आता काढतो. दुकान एवढं अरुंद की तिघं आत आले की दार लावल्यासारखंच व्हायचं. त्यानं वाटी कोळशाच्या तुकड्यावर ठेवली, दिव्याची ज्योत फुंकणीनं तिच्यावर वळवली. सृष्टीनं हात पुढं करून फुंकणी धरली.

तिनं आधी दार उघडलं. मग मागची खिडकी, ती बऱ्याच वर्षांत उघडलेली नव्हती. मग बन्सीधरला सांगितलं की दाढेत बसलाय तो पारा काही करत नाही म्हटलं तरी चालेल, पण हा असा जाळला की सगळाच्या सगळा वाफ होतो आणि ती वाफ त्याच्या छातीत जाते. बन्सीधर म्हणाला, पस्तीस वर्षं करतोय, ताई. दुकानातली झाडलोट गोळा करायची, त्यातलं सोनं पाऱ्यानं ओढून घ्यायचं आणि पारा जाळून टाकायचा, हे त्याच्या बापानं त्याला याच जागी शिकवलं होतं. बोलता बोलता त्यानं समोरचा चहा उचलला. एका हातानं उचलला, मग दुसरा हात लावला. तरी बशीत थोडा सांडला. वयानं होतंय, तो म्हणाला. तो काकांपेक्षा दोन वर्षांनी लहान होता.

वाटी त्यांनी बाहेर ओट्यावर, वाऱ्याकडं पाठ करून तापवली. पांढरं हळूहळू आत गेल्यासारखं झालं आणि पिवळं वर आलं. धूर दिसला नाही. काहीच दिसलं नाही. रस्त्यावर कापसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्यातनं उडालेले पुंजके हवेत तसेच राहिले. रिठ्याच्या पाण्यात वाटी धुऊन बन्सीधरनं काकूंच्या हातावर ठेवली, तेव्हा ती त्याच्या बोटांसारखीच जरा थरथरली.

"भाऊ, इथनं पुढं बाहेरच करत जावा," काकू म्हणाल्या. मग एसटीत बसल्यावर सृष्टीला म्हणाल्या, "म्हंजी बसलंय तवर बसू द्यायचं. उठवलं तर ते जातंय कुटंतरी."

सृष्टी खिडकीबाहेर बघत हो म्हणाली. तीन वर्षांत तिला परीक्षेत एवढं नीट लिहिता आलं नव्हतं.

घरी येऊन काकूंनी पिवळी वाटी काकांना दाखवली. अपशकुन गेला होता, बन्सीधरच्या छातीत आणखी थोडी वाफ घालून का होईना. दाढ राहणार होती, ते काकूंच्या चेहऱ्यावरच होतं. काकांनी फार ताणलं नाही. एकदा मेलेल्या माणसाचा हट्ट कमी होतो. पण ओसरीवरचा 'बहुतेक' अजून तिथंच बसलेला होता, आणि त्याच्याबरोबर उरलेलं आयुष्य काढायचं तर हातात काहीतरी कागद पाहिजे, असं काकांना वाटलं. मानवतच्या डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, दाढ उत्तम आहे, पण तुम्हाला काही होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही, मी तुमच्या दाढेचा डॉक्टर नाही. सृष्टीला विचारलं. ती म्हणाली, मोठेबाबा, असं जगात कुणी कुणाला लिहून देत नाही. शेवटी आबासाहेबांनी अर्ज लिहिला. महारुद्रनं तो घेतला नाही, मयताचा अर्ज घ्यायला कंप्युटरमध्ये जागा नाही म्हणाला. काका तो घेऊन तालुक्याला गेले. टपालाच्या खिडकीत बसलेल्या माणसानं न वाचता शिक्का मारला आणि पोच दिली. ती पोच काकांनी देवघरात ठेवलीय. आगटीसाठी गोवऱ्या रचून झाल्यात, कणसात दूध भरायला लागलंय, काकू रोज सकाळी जिभेनं चंद्र चाचपून बघतात. अर्जाचा शेवट असा आहे:

सबब, मा. साहेबांना नम्र विनंती की, अर्जदाराचा मृत्यू मंगळवार सकाळी दहा ते बुधवार सकाळी सात एवढ्या मुदतीपुरताच ग्राह्य धरून उर्वरित हयात अर्जदाराचे नावे पूर्ववत करावी, तसेच सौ. कमलबाई यांच्या डावीकडील खालच्या, मागून दुसऱ्या दाढेपासून अर्जदाराच्या जिवास कोणताही धोका नाही, असा दाखला 'बहुतेक' हा शब्द वगळून देण्यात यावा, आणि सदर दाखल्याची मुदत, पती-पत्नींपैकी जो मागे राहील त्याचे रडून होईपर्यंत, कायम ठेवण्यात यावी.